भिंत जाड करण्याआधी तिच्या पाठीमागचं पाणी बाहेर काढा

प्रश्न थोडक्यात असा: "आमची सोसायटी पुण्यात आंबेगाव-कात्रजच्या बाजूला टेकडीच्या उतारावर आहे. मागच्या हद्दीला 30 मीटर लांब, 4 मीटर उंच दगडी भिंत आहे. वर आमचं पार्किंग, खाली शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू आणि भिंतीला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. गेल्या दोन पावसाळ्यांत भिंतीचं पोट बाहेर आलंय. ठेकेदार म्हणतो, पाडून जाडजूड आरसीसी भिंत बांधा. आमच्यातली तरुण मंडळी म्हणतात, एवढं सिमेंट कशाला, जाळीच्या दगडी पेट्या लावू, झाडं लावू. पर्यावरणासाठी त्यांनी गेल्या वर्षी पार्किंगमध्ये शोषखड्डाही केला. कोणाचं ऐकायचं? आणि असं काम भूकंपात, हल्लीच्या पावसात टिकेल का? मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. पाऊस यायला महिना उरलाय."

ताई, कोणाचं ऐकायचं हे सांगतो, पण ते दिवाळीनंतरचं काम आहे. त्याआधी या आठवड्यातलं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती भिंतीची नाही, भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोल्यांची.

29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. 15 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. दोनच दिवसांनी, 1 जुलैच्या रात्री, आंबेगावात दुसरी भिंत पडली, तिथे 6 मजूर गेले. दोन्हीकडे चित्र तुमच्यासारखंच होतं: वर भार, मध्ये भिंत, खाली झोपलेली माणसं. तेव्हा शेजारच्या बिल्डरला आजच लेखी पत्र द्या, त्याची प्रत महानगरपालिकेच्या बांधकाम विभागाला द्या, आणि खोल्या भिंतीपासून निदान भिंतीच्या दुप्पट उंचीइतक्या, म्हणजे 8 मीटर, लांब हलवून घ्या. पत्र देऊन थांबू नका. स्वतः खाली जा, मुकादमाशी बोला. खोल्या रिकाम्या झालेल्या डोळ्यांनी बघा.

दुसरं, कठड्याला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्या काढा. एक मोटार दीड टनाच्या आसपास असते. कडेपासून 4 मीटरच्या आत काहीच उभं राहू देऊ नका. पाण्याचा टँकरही नाही, वाळूचा ढीगही नाही.

आता भिंतीकडे येऊ. 30 मीटर लांबीच्या भिंतीच्या फक्त एका मीटरचा हिशेब करू. मागे कोरडा, निचरा होणारा मुरूम असेल तर 4 मीटर उंचीला त्या एका मीटरवर मातीचा आडवा रेटा सुमारे 5 टन येतो. आता त्याच मुरमात वरपर्यंत पाणी साठलं असं धरा. पाण्यात बुडाल्यामुळे मातीचा स्वतःचा रेटा निम्मा होतो, अडीच टनांवर येतो. पण पाण्याचा रेटा त्यात मिळतो आणि तो एकटा 8 टन असतो. एकूण साडेदहाच्या घरात. माती तीच, भिंत तीच, गाड्याही धरलेल्या नाहीत, आणि भार दुपटीच्या वर. पाणी हट्टी असतं. माती स्वतःच्या घर्षणावर थोडीफार उभी राहते, पाणी राहत नाही. ते आपला सगळा भार भिंतीवर टाकतं.

म्हणून भिंत पडली की मी पहिला प्रश्न विचारतो: पाणी कुठून शिरलं आणि बाहेर का पडलं नाही?

तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. तो शोषखड्डा. ज्या मुलांनी तो केला त्यांचा हेतू मला मनापासून आवडतो, आणि पुण्यात पावसाचं पाणी जिरवलंच पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण माती अडवणाऱ्या भिंतीच्या डोक्यावर पाणी जिरवायचं नसतं. गच्चीवरचं सगळं पाणी तुम्ही पाइपने आणून बरोबर भिंतीच्या पाठीत सोडताय. दोन पावसाळ्यांपैकी दुसऱ्यात पोट जास्त सुटलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. खड्ड्याकडे येणारा पाइप उद्याच तोडा आणि पाणी पावसाळी गटाराला जोडा. खड्डा पुढे सोसायटीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून लांब करता येईल. किंवा बोअरवेल लांब असेल तर गाळून तिच्यात पाणी सोडता येईल. पाणी जिरवणाऱ्या पेव्हर ब्लॉकचंही तसंच. अंगणात ते उत्तम, पण भिंतीच्या कडेच्या 4-5 मीटर पट्ट्यात सांधे बंद हवेत आणि उतार टेकडीकडच्या गटाराकडे हवा. शाश्वत बांधकामाच्या नावाखाली केलेली ही चूक मी गेल्या काही वर्षांत वारंवार बघतोय, म्हणून इतकं लिहिलं.

दुसरा प्रश्न, पाणी बाहेर का पडत नाही. याचं उत्तर पुण्याच्या जमिनीत आहे.

आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. घट्ट काळ्या खडकात उभ्या भेगा असतात, त्यांतून पाणी खाली उतरतं. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी-लाल मातीचा पातळ थर लागतो, आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्याच्या डोक्यावरून आडवं चालतं आणि उताराला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. पावसाळ्यात कात्रजच्या घाटात कापलेल्या कड्यावर एका रेषेत पाझर दिसतात, ते बहुतेक अशाच ठिकाणचे. तो लाल थर भिजला की साबणासारखा होतो, त्यावरचं सगळं निसटायला तयार असतं.

वरच्या मुरमाचीही एक फसवी सवय आहे. उन्हाळ्यात जेसीबीने उभा कापला तर तो भिंतीसारखा ताठ उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी कडक जमीन. त्याचा एक ढेकूळ घ्या आणि बादलीभर पाण्यात टाका. चांगला मुरूम तसाच राहतो. कुजका मुरूम फुसफुसत बुडबुडे सोडतो आणि पाच-दहा मिनिटांत तळाशी चिखल होऊन बसतो. ही परीक्षा कुणालाही करता येते. ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचा खड्डा, घेतलात की प्रत्येक फुटाला एक ढेकूळ काढून तुमच्या त्या तरुण मंडळींकडून करवून घ्या.

आणि तुमचं पार्किंग मूळ जमिनीवर नाहीच, असं मी न बघताही सांगतो. उतारावर सपाट जागा करायची तर वरची तोड खाली भरावात टाकतात. भरावात काय टाकलं हे बारा-पंधरा वर्षांनी कुणाला आठवत नाही. मी खोदून बघितलेल्या भरावांत काळी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर अख्खं झाडाचं खोड सापडलंय. काळी माती सगळ्यात वाईट. ती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते, प्रत्येक उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्याच वळवाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं. भराव आणि मूळ उतार यांच्यामधली तिरकी रेघ हीच पाण्याची पायवाट होते.

भिंतीत वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं, असतील, पण ते चालू आहेत का? एकेका होलात सळई घालून बघा. तीन-चार इंचांवर अडकली तर ते फक्त दर्शनी भागातले पाइपचे तुकडे आहेत, मागे खडीचा थर नाही. मागच्या पावसाळ्यात त्यातून पाणी येत होतं का, हे वॉचमनला विचारा. भर पावसात कोरडे वीप होल हे वाईट लक्षण.

काही वर्षांपूर्वी कोथरूडच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी एका सोसायटीत अशीच भिंत बघायला गेलो होतो. ऑगस्ट महिना, पाऊस दोन दिवसांपूर्वी उघडलेला. भिंतीवर तळहात ठेवला तर कमरेच्या खालचा दगड गार आणि वरचा उन्हाने तापलेला, मध्ये जवळजवळ सरळ रेघ. त्या रेघेपर्यंत मागे पाणी उभं होतं. माणसं लांब केली, भिंतीच्या न फुगलेल्या टोकाला कोअर कटिंगच्या मशीनने एक भोक पाडलं. मशीन बाहेर काढलं तसं लालसर पाणी धारेने आलं, आणि तब्बल तीन तास येत राहिलं. सोबतच्या मिस्त्रीने बादली धरून मोजलं, वीस लिटरची बादली मिनिटभरात भरत होती. अशी आठ भोकं पाडली. आम्ही आधी लावलेला ओळंबा दर आठवड्याला पुढे सरकत होता, तो त्यानंतर थांबला. भिंत पुढे दिवाळीनंतर उतरवून नवीन केली. पण त्या पावसाळ्यात तिला उभं ठेवलं ते त्या आठ भोकांनी.

तुमच्या हातात एक महिना आहे. एवढ्यात 4 मीटरची भिंत पाडून नवीन होत नाही. ठेकेदार हो म्हणेल, पण तुम्ही हो म्हणू नका. अर्धी पाडलेली भिंत आणि उघडा उभा भराव घेऊन जूनमध्ये शिरण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. यंदाचा पावसाळा भिंतीवरचा भार उतरवून आणि पाणी काढून निभवायचा.

भार उतरवायचा सोपा मार्ग म्हणजे वरचा एक मीटर भराव काढणे. पोट सुटलेल्या भागात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून आत चार-पाच मीटरपर्यंत, आणि त्यासोबत भिंतीचा वरचा एक मीटर हाताने उतरवायचा. ब्रेकर लावायचा नाही, हादऱ्याने पोटातले दगड निसटतात. रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणून उंची पाऊण केली की रेटा जवळपास निम्मा होतो. काढलेली माती कडेला ढीग करून ठेवायची नाही, हे सांगावं लागतं, कारण बहुतेक ठिकाणी तसंच होतं. उघड्या मातीला आत टेकडीकडे उतार द्या, वर जाड ताडपत्री, तिच्या कडांवर गोणी.

खालच्या बाजूला शेजाऱ्याची परवानगी मिळाली तर भिंतीच्या पायाशी मुरमाच्या गोण्यांचा टेकू रचा, उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, पायरीपायरीने. मध्ये पाइप ठेवून पाण्याची वाट मोकळी ठेवा. आणि त्यांना एक गोष्ट निक्षून सांगा: पाऊस संपेपर्यंत तुमच्या भिंतीच्या पायाशी पोकलेन लावायचा नाही. भिंतीचा पाया उघडा पडला की वरची सगळी गणितं व्यर्थ.

मग निचऱ्याची भोकं. 75 ते 100 मिलिमीटर व्यासाची, बाहेर किंचित उतार, दीड-दोन मीटर अंतरावर आलटूनपालटून, कोअर कटरनेच. आत छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाईलमध्ये, म्हणजे गाळणीच्या कापडात, गुंडाळून दोन-तीन मीटर सरकवायचा, म्हणजे पाणी येईल आणि माती येणार नाही. सुरुवात टोकाकडून, पोटाच्या मधोमध नाही, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आमच्यासारखा माती-पायाचं काम करणारा माणूस समोर उभा असल्याशिवाय मुळीच नाही. भोकातून गढूळ पाणी येऊन हळूहळू निवळ झालं तर ठीक. दिवसेंदिवस गढूळच येत राहिलं तर आतली माती वाहून चाललीय, काम थांबवून कळवा.

पावसाळाभर नोंद ठेवा. भिंतीच्या माथ्यावर तीन ठिकाणी खिळे मारून ओळंबे सोडा, मध्यावर आणि पायाशी दगडापासून दोरीचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, दर रविवारी एकाच माणसाने. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची टिकली लावून तारीख लिहा, टिकली तडकली की भेग हलली. गच्चीवर सरळ कडांचं भांडं ठेवून रोजचा पाऊस मोजा. शिवाजीनगरला वर्षाकाठी सरासरी 700 ते 750 मिलिमीटर पडतो, पण तुमच्या टेकडीला ती सरासरी लागू नाही, आणि भिंतीला वर्षाची सरासरी कळतही नाही. तिला कळतो सलग चार-पाच दिवसांच्या भिजपावसानंतर आलेला तासाभराचा जोर. त्या तासाला ओळंब्यात फरक दिसला तर पार्किंग आणि खालची जागा रिकामी करायची, रात्र असली तरी.

आता तुमचा मूळ प्रश्न. आरसीसी की जाळीच्या पेट्या?

दोन्ही बरोबर बांधल्या तर टिकतात, दोन्ही चुकीच्या बांधल्या तर पडतात. निवड जागेवरून होते. जाळीच्या पेट्या, ज्यांना आपण गॅबियन म्हणतो, स्वतःच्या वजनावर उभ्या राहतात, म्हणून त्यांना रुंदी लागते. 4 मीटर उंचीला तळाशी दोन ते अडीच मीटर. पार्किंगमधून तेवढी जागा गेली तर चालेल का, हे सोसायटीने ठरवायचं. जागा देता येत असेल तर माझं मत स्पष्टपणे गॅबियनच्या बाजूने आहे.

कारण एक तर सिमेंट. 30 मीटर लांबीच्या 4 मीटर उंच आरसीसी भिंतीला ढोबळ मानाने 70 घनमीटर काँक्रीट लागेल. घनमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास सिमेंट धरलं तर 24 टन. साधं सिमेंट (ओपीसी) वापरलं तर त्यामागे सुमारे 20 टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, लोखंडाचा वेगळा. गॅबियनमध्ये सिमेंट नाही, तार आणि दगड. आणि दगड तुमच्याकडे आहे. सध्याच्या भिंतीची सरासरी जाडी मीटरभर असेल तर तिच्यात 40 ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास डबर आहे. नवीन पायरीदार भिंतीला 70-75 ब्रास लागेल. म्हणजे निम्म्याहून अधिक दगड हद्दीतच मिळाला, तेवढ्या ट्रकच्या खेपा आणि तेवढी खाणीतली फोडाफोड वाचली.

पण मी गॅबियन सुचवतो ते निव्वळ कार्बनसाठी नाही. त्याच्या अंगातून पाणी जातं. पाणी साठूच देत नाही, म्हणजे मघाचा साडेदहा टनांचा रेटा पाचावर राहतो. पाया थोडा खचला तर पेट्या वाकतात, बसतात, आणि आपल्याला डोळ्यांनी दिसतं. जे कमी सिमेंटचं, तेच इथे जास्त सुरक्षित आहे. असा योग प्रत्येक साइटवर येत नाही, तुमच्याकडे आलाय.

काम मात्र नीट हवं. बाजारात साध्या साखळी-कुंपणाची जाळी वळवून पेट्या करून देणारे आहेत, त्या घेऊ नका. एक तार तुटली की ओळीने उसवते. षटकोनी, दुहेरी पिळाची, जस्ताचा आणि वर पॉलिमरचा लेप असलेली जाळी हवी. दगड घट्ट काळा, जाळीच्या भोकापेक्षा मोठा, हाताने रचलेला, फावड्याने ओतलेला नाही. कडेच्या दगडाची सपाट बाजू बाहेर, पोकळीत छोटी चीप ठोकून बसवलेली. आपल्याकडे शेताच्या ताली रचणारे हात अजून आहेत, असा एक माणूस टोळीत असला तर कामाचा कस बदलतो. पाया भरावावर नाही, कडक मुरमात किंवा खडकात. भिंत टेकडीकडे किंचित कललेली. पाठीमागे जिओटेक्स्टाईल आणि मग निचऱ्याचा मुरूम, काढलेली काळी माती परत नाही. पाया खोदताना सगळी 30 मीटर लांबी एकदम उघडायची नाही, तीन-तीन मीटरचे तुकडे, एक सोडून एक.

तुमच्या मुलांना वाटेल की पाठीमागच्या भरावात पाडकामाचं भरडलेलं काँक्रीट वापरावं. पाडकामाच्या कचऱ्याबद्दल 2016 मध्ये नियम आले, खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या, आयएस 383 च्या, 2016 च्या आवृत्तीतही पुनर्वापराच्या खडीला जागा दिलीय, आणि मी स्वतः पेव्हरच्या खाली, अंतर्गत रस्त्याच्या थरात ती आनंदाने वापरतो. पण निचऱ्याच्या थरात नको. जुन्या काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरतो आणि जिओटेक्स्टाईलवर पांढरा थर धरून तो बुजवतो. पाच वर्षांनी पुन्हा पाणी तुंबेल.

जागा नसेल तर आरसीसी करा, त्यात कमीपणा नाही. स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट, म्हणजे पीएससी, घ्या. निम्मा स्लॅग असलेलं असेल तर कार्बनही जवळपास निम्म्यावर येतो. मात्र ताकद सावकाश धरतं, म्हणून किमान 10 दिवस पाणी मारलं पाहिजे आणि फॉर्मा काढून लगेच भराव टाकायचा नाही. पाठीमागे फूटभर जाड खडीचा थर पायापासून वरपर्यंत, तळाला छिद्रांचा पाइप. एस्टिमेटमध्ये हा थर वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे. "वीप होलसह भिंत" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका.

भूकंपाचं. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या, आयएस 1893 च्या, 2016 च्या नकाशात पुणे झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा, दोन्ही पुण्यालाही जाणवले होते. किल्लारीत माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती का फुटल्या हे तुमच्या भिंतीशी जोडून सांगतो. त्या भिंती म्हणजे दोन बाजूंचे दोन दगडी पदर आणि मध्ये माती-चिपांची भर, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने बाहेरचा पदर सुटून पडला आणि माळवदाचं वजन खाली आलं. तुमची भिंतही बहुधा तशीच आहे, दर्शनी भाग सिमेंटने सांधलेला आणि पोटात मोकळा डबर. जे पोट तुम्हाला दिसतंय तो बाहेरचा पदर आतल्यापासून सुटल्याची खूण आहे. म्हणून वरून गिलावा करून, जाळी मारून ती झाकण्यात काही अर्थ नाही. गॅबियनमध्ये प्रत्येक पेटी बांधलेली आणि पेट्या एकमेकींना तारेने शिवलेल्या असतात, हादऱ्याला त्या थोड्या हलतात, फुटत नाहीत. भूकंपाचा जादा रेटा डिझाइनमध्ये धरायला डिझायनरला सांगा, आणि त्याच्या हिशेबात "पाणी शून्य" लिहिलं असेल तर कशाच्या भरवशावर ते विचारा.

झाडांबद्दल. भिंतीच्या माथ्यावर वड-पिंपळ उगवले असतील तर कोवळे असतानाच काढा. उतारावर वाळा लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि वरची माती धरून ठेवतात. मोठी झाडं भिंतीच्या उंचीइतकी आत. पण मुळांकडून खोल घसरण रोखण्याची अपेक्षा ठेवू नका. 30 जुलै 2014 ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात (तुमचं आंबेगाव वेगळं), माळीण गाव डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. भिजून जड झालेला डोंगराचा मोठा तुकडाच खाली आला, त्यावरच्या झाडांसकट. मी त्यानंतर तिथे गेलो होतो. उताराला काय धरून ठेवतं आणि काय नाही, हे त्या दिवसानंतर मी कधी हलकेपणाने बोललो नाही.

शेवटी, काढलेलं पाणी जाणार कुठे? भिंतीतून काढून शेजाऱ्याच्या तळघरात सोडलं तर धोका फक्त पत्ता बदलतो. भिंतीच्या पायाशी पक्कं गटार, तिथून पावसाळी वाहिनी, तिथून ओढा, ही साखळी कागदावर नाही, पायी चालून तपासा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडून घरांत शिरलं, तो ओढा तुमच्याच बाजूच्या डोंगरांतून येतो. तुमच्या वाहिनीच्या तोंडाशी राडारोडा टाकलेला असेल तर या महिन्यात काढून घ्या.

ट्रायल पिट दोन घ्या, एक पोटाच्या मागे कडेपासून 5 मीटर आत, एक भिंतीच्या चांगल्या टोकाकडे. माणूस आत उतरणार असेल तर दीड मीटरनंतर बाजूंना टेकू लावा. कुठेही विटकरी-लाल थर लागला किंवा बाजूने पाणी पाझरलं तर खोदणं थांबवा, खोली मोजा, पट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि इथेच टाका. भिंतीचा पाया त्या थराच्या वर आहे की खाली, एवढं कळलं की गॅबियनचा पाया किती खोल न्यायचा हे मी सांगू शकेन.